आईला माझ्या नावाने पाठवलेले खोटे निरोप आणि विनामूल्य शिबिराचे घेतलेले पैसे

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : नेपाळ साधनायात्रेच्या बुकिंगमध्ये झालेली फसवणूक, परतावा आणि लेखी खुलासा मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या कंपनीकडून मी एकटीने करायचा नेपाळचा प्रवास घेतला होता. आधी काठमांडू, तिथल्या बुढानीलकंठच्या धर्मशृंग केंद्रात दहा दिवसांचं विपश्यना शिबिर (मौन पाळून करायचं ध्यानाचं शिबिर), मग लुंबिनी आणि सीमेवरच्या सुनौलीवरून गोरखपूरमार्गे परत. काठमांडूच्या ठामेल भागातलं हॉस्टेल स्वच्छ होतं, लुंबिनीची बसही वेळेवर सुटली. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती मी मौनात असताना तुम्ही माझ्या आईला काय काय सांगितलंत याची. पैशांचं नंतर लिहिते.

शिबिरात फोन जमा होतो, बाहेर बोलता येत नाही, हे मला माहीत होतं. आई साताऱ्याला एकटी राहते, तिलाही मी ते समजावून सांगितलं होतं. तरी तिच्या जिवाला घोर लागणार म्हणून तुमची 2,000 रुपयांची 'खुशाली सेवा' घेतली. "केंद्राशी आमचा रोज संपर्क असतो, आईंना रोज संध्याकाळी मेसेज जाईल," असं तुमच्या प्रतिनिधीने मला फोनवर सांगितलं आणि ईमेलमध्येही तेच लिहून दिलं. त्या ईमेलची प्रत सोबत आहे.

मेसेज खरंच रोज गेले. आईच्या फोनवर ते सगळे आहेत. एक जसाच्या तसा देते : "ताई आज खूप आनंदात आहेत. सकाळी योगासनं झाली, रात्रीचं जेवण छान होतं, आत्ताच बोलणं झालं." या शिबिरात आर्य मौन असतं, साधक एकमेकांशी खुणांनीही बोलत नाहीत. त्या दिवसांत योगासनं करायची नसतात. पहाटे चारला घंटा होते, अकराला दुपारचं जेवण आणि संध्याकाळी पाचला नवीन साधकांना चहा आणि थोडं फळ. रात्रीचं जेवण नसतंच. म्हणजे त्या मेसेजमधलं एकही वाक्य खरं नव्हतं. शिबिराची नियमावली कुणालाही वाचता येते. तुमच्या माणसाने तीही उघडून पाहिली नाही आणि मनाला येईल ते माझ्या आईला लिहून पाठवलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी परतावा मागून गप्प बसले असते. पण शिबिराच्या सहाव्या दिवशी आई जिन्यावरून घसरली आणि तिच्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं. शेजारच्या काकांनी तिला दवाखान्यात नेलं आणि तिथूनच तुमच्या नंबरवर कळवलं : "मुलीला निरोप द्या, तिला फोन करायला सांगा." तासाभरात तुमचं उत्तर आलं : "ताईंना निरोप दिला आहे. त्यांनी साधना पूर्ण करायचं ठरवलं आहे. काळजी नसावी."

मला कुणीही निरोप दिलेला नव्हता. मी काहीही ठरवलेलं नव्हतं. अकराव्या दिवशी सकाळी फोन हातात आला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. नंतर मी केंद्राच्या कार्यालयात चौकशी केली. तुमच्या कंपनीकडून त्या दिवशी किंवा आधी कधीही त्यांना फोन आलेला नव्हता. घरी अशी अडचण आली तर नातेवाइकांनी कार्यालयाला कळवायचं असतं आणि ते साधकापर्यंत निरोप पोहोचवतात. कार्यालयाचा नंबर तुम्ही आईला दिला असता तर काकांनी स्वतःच फोन लावला असता आणि मी त्याच दिवशी आईशी बोलले असते. तुम्ही नंबर दिला नाहीत, स्वतः फोन केला नाहीत आणि वर माझ्या नावाने नकार कळवलात.

आईने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. "तू ठरवलं होतंस ना, म्हणून मी परत विचारलं नाही," एवढंच ती म्हणाली. हात प्लास्टरमध्ये, घरात एकटी, आणि आपल्या मुलीला आपल्यापेक्षा साधना महत्त्वाची वाटली असं मनात धरून ती इतके दिवस राहिली. हे तुमच्या एका ओळीमुळे झालं. ती ओळ कुणी लिहिली आणि कुणाच्या सांगण्यावरून लिहिली, हे मला लेखी हवं आहे.

आता शिबिराविषयी. तुम्ही 'शिबिर आरक्षण शुल्क' म्हणून 18,500 रुपये घेतलेत. महाराष्ट्रात इगतपुरीचं धम्मगिरी हे विपश्यना केंद्र सगळ्यांना माहीत आहे. विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोएंका गुरुजी 1969 साली ब्रह्मदेशातून भारतात आले, 1976 पासून इगतपुरीला शिबिरं सुरू झाली, आणि त्या परंपरेतलं दहा दिवसांचं शिबिर सगळीकडे विनामूल्य असतं. राहण्याचे, जेवणाचे, शिकवण्याचे पैसे घेत नाहीत. ज्याने एक तरी शिबिर पूर्ण केलं आहे त्याच्याकडूनच, तेही त्याची इच्छा असेल तर, दान घेतात. नेपाळमध्ये गुरुजींच्याच परंपरेत पण वेगळी पद्धत असेल असं मला तुमच्या प्रतिनिधीने पटवून दिलं होतं : "परदेशी साधकांसाठी जागा राखून ठेवायला शुल्क लागतं." हे धादांत खोटं आहे. साधनेच्या जागेने पैसे घेऊच नयेत असं माझं म्हणणं नाही. काठमांडूतल्याच कोपन मठात राहण्या-जेवणाचा आणि वर्गाचा खर्च उघडपणे सांगून घेतात, त्यात काही गैर नाही. पण जे दुसऱ्या कुणाच्या दानावर चालतं आणि तुम्हाला फुकट मिळतं, ते तुम्ही विकलंत.

प्रवेशअर्जही मला न दाखवता तुम्हीच भरलात. नोंदणीच्या टेबलावर मी फोन, वही, पुस्तक जमा केलं आणि दम्याचा पंप बाजूला काढून ठेवला. तो पाहून सेविकाताईंनी माझा अर्ज पुन्हा उघडला. आजार : नाही. चालू औषधं : नाही. नियमावली वाचली आहे : हो. मला दमा आहे हे मी तुमच्या प्रश्नावलीत स्पष्ट लिहिलं होतं. काठमांडूच्या थंडीत आणि धुळीत दहा दिवस राहणाऱ्या माणसाबद्दल ही माहिती दडवणं जिवावर बेतू शकतं. त्या ताईंनी मला नवीन अर्ज दिला, माझं सगळं ऐकून घेतलं, आचार्यांशी बोलल्या आणि मग प्रवेश दिला. त्यांनी परत पाठवलं असतं तरी ते रास्तच ठरलं असतं.

लुंबिनीत मायादेवी मंदिरात 'पहाटेचं खासगी ध्यानसत्र' असं सांगून 4,500 रुपये घेतलेत. त्या मंदिरात चपला काढून तिकिटावर सगळेच जातात, बुद्धांच्या जन्मस्थानाच्या शिळेपाशी रांगेत थांबून पुढे सरकतात. खासगी असं तिथे काही नसतं आणि तुमचा कुणी माणूसही आला नव्हता. 'व्हिसा साहाय्य' म्हणून 3,200 रुपये लावले आहेत. भारतीय नागरिकाला नेपाळमध्ये जायला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं.

खुशाली सेवेचे पैसे धरून या चारही रकमा मिळून 28,200 रुपये होतात. ते मूळ खात्यात परत करावेत. आईला तुमच्या जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीचं पत्र मराठीत जावं आणि त्यात स्पष्ट लिहिलेलं असावं की तिच्या मुलीपर्यंत निरोप कधी पोहोचलाच नव्हता. मला रकमेपेक्षा हे पत्र जास्त हवं आहे. संकेतस्थळावर विपश्यनेच्या शिबिराला शुल्क लावून केलेली जाहिरात ताबडतोब काढावी, आणि सध्या ज्या साधकांचे अर्ज तुम्ही भरले आहेत त्यांना ते दाखवून दुरुस्त करून घ्यावेत. त्यांच्यापैकी कुणाला काय आजार आहे आणि अर्जात काय लिहिलं आहे, हे आज तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात करणं तुमच्यावर बंधनकारक आहे. तसं न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 अन्वये मी राहते त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन.

सोबत : पावत्या, प्रतिनिधीचे ईमेल, तुमच्या प्रश्नावलीची प्रत, आईच्या फोनवरच्या सर्व मेसेजचे स्क्रीनशॉट, दवाखान्याचा कागद.

आपली,
ग्राहक
(नाव, पत्ता व बुकिंग क्रमांक सोबतच्या पावतीवर आहेत)