ताई, पट्टीचा प्रोग्रॅम आता दिवसभर चालतो

प्रिय ताई,
सादर नमस्कार.

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे पत्र चारचौघांसमोर लिहितो आहे. दुसरंही कारण आहे. नागपूरच्या इतवारी, गांधीबाग, कळमना या भागांत आजही कितीतरी दुकानांचा हिशोब कुणीतरी कधीतरी लिहून दिलेल्या विंडोजवरच्या छोट्या प्रोग्रॅमवर चालतो. लिहिणारा पुण्याला किंवा हैदराबादला निघून गेलेला असतो आणि प्रोग्रॅम माझ्यासारख्या एकट्यादुकट्याच्या हाती येतो. मोठ्या कंपनीत अडलं तर शेजारच्या खुर्चीवरच्याला विचारता येतं. इथे शेजारी तराजू आणि संत्र्यांचे कॅरेट. तुम्ही मला जे दिलंत ते अशा सगळ्यांपर्यंत जावं, असं मनापासून वाटतं.

कळमन्याच्या त्या अडतदुकानातला पट्टीचा प्रोग्रॅम माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या तक्रारी सगळ्यांना तोंडपाठ होत्या. मधेच गोठतो. दुपारनंतर पडतो. नावं बिघडवतो. काटोल-नरखेडहून रात्री निघालेला शेतकरी माल उतरवून, तोलून काउंटरवर उभा राहतो, आणि त्या दिवसाच्या व्यवहाराचा त्याच्या हातात राहणारा कागद म्हणजे ती पट्टी. ती निघाली नाही तर गाडी थांबते, गाडीवाला ओरडतो, शेठ ऑपरेटरवर ओरडतात. तुमचं नाव मला आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी सांगितलं. नोकरीतून निवृत्त झालात तरी तुम्ही आलात, त्या पत्र्याच्या शेडमध्ये, मार्चच्या उन्हात, आणि आल्याआल्या एक ओळही बदलली नाहीत. हे मला आजही सर्वांत मोलाचं वाटतं.

तुम्ही आधी सगळ्या फाइलींत ‘कॅच’ (एरर पकडणारी ओळ) शोधायला लावलंत. जिथे जिथे एरर पकडून कंस रिकामा सोडला होता, तिथे तिथे ती एरर लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदवहीत, लिहायची, बस्स. म्हणालात, “प्रोग्रॅम बोलत होता रे, त्याचं तोंड दाबून ठेवलं होतं.” काही ठिकाणी आधीच्या माणसाने पकडलेली एरर पुढे पाठवताना ‘थ्रो ईएक्स’ लिहिलं होतं. नुसतं ‘थ्रो’ लिहिलं तर एरर मुळात कुठे उठली तो माग शाबूत राहतो. पुढे ‘ईएक्स’ लावलं की माग तिथूनच नव्याने सुरू होतो आणि खरी जागा पुसली जाते. मग विंडोजची स्वतःची नोंदवही, इव्हेंट व्ह्यूअर, उघडून आपला प्रोग्रॅम ज्यावर चालतो त्या ‘डॉट नेट रनटाइम’च्या जुन्या नोंदी दाखवल्यात. आधीच्या कित्येक पडझडी तिथे तारीखवेळेसकट लिहिलेल्या होत्या. कुणी पाहिल्याच नव्हत्या.

दुपारनंतर पडण्याचं दुखणं सगळ्यांनी उन्हाच्या खाती टाकलं होतं. मृग बहाराचा माल जोरात, शेडमध्ये भट्टी, म्हणून शेठनी कॉम्प्युटरच्या तोंडाशी कूलर लावून दिला होता. तरी तीन-चारच्या सुमाराला प्रोग्रॅम पडायचाच. तुम्ही ऑपरेटरला विचारलंत, किती वाजता पडतो ते सोडा, किती पट्ट्यांनंतर पडतो? कुणालाच माहीत नव्हतं. “घड्याळ कशाला पाहतो रे, पट्ट्या मोज,” असं मला म्हणालात. मोजल्या. वर्दळीच्या दिवशी लवकर पडायचा, मंदीच्या दिवशी पडायचाच नाही. ऊन दोन्ही दिवशी सारखंच होतं.

मग टास्क मॅनेजरमध्ये ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’चा रकाना चालू करून दिलात. चित्र, फाँट असं काही हाताळायला विंडोज एक हँडल, म्हणजे टोकन, देतं; एका प्रोग्रॅमला अशी हँडल्स मुळात १०,००० पर्यंतच मिळतात. आपल्या प्रोग्रॅमचा आकडा प्रत्येक पट्टीमागे चढत होता आणि उतरायचं नाव नव्हतं. थर्मल प्रिंटरमध्ये देवनागरी फाँट नाही, म्हणून पट्टीतली प्रत्येक ओळ चित्र करून पाठवायची, आणि पडद्यावरच्या नमुन्यासाठी तीच चित्रं दर कळ दाबल्यावर पुन्हा बनायची. चित्राचं हँडल ‘गेट-एच-बिटमॅप’ने घेतलेलं, पण ‘डिलीट-ऑब्जेक्ट’ कुठेच नाही. डॉट नेटचा गार्बेज कलेक्टर बाकी मेमरी आवरतो, हे हँडल मात्र तो सोडवत नाही. ज्याने मागितलं त्यानेच परत करायचं. एका ओळीची दुरुस्ती होती. पण ती ओळ लिहिण्याआधी तुम्ही मला तो आकडा मुद्दाम दहा हजारांपर्यंत चढवायला लावलात, माझ्याच मशीनवर, माझ्याच हाताने. नमुन्यावर नुसत्या कळा दाबत राहिलो आणि प्रोग्रॅम पडला. दुखणं हवं तेव्हा उभं करता येतं हे पाहिल्यावरच दुरुस्तीला हात लावू दिलात. दुरुस्तीनंतर तेच पुन्हा करून पाहिलं, आकडा एका जागी स्थिर. तोवर मला “बरं वाटतंय” आणि “बरं झालंय” यांत फरक करायची सवय नव्हती, आणि ती मला कुठल्या कोर्समध्ये मिळालीही नसती.

गोठण्याची गोष्ट अधिक किचकट होती आणि मला वाटतं डेस्कटॉपवर काम करणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा तरी नीट समजून घ्यावी. खिडकी रंगवणं, क्लिक ऐकणं, अक्षरं घेणं, हे सगळं एकाच धाग्यावर (थ्रेडवर, म्हणजे एकामागोमाग चालणाऱ्या कामांच्या रांगेवर) चालतं. त्याच धाग्यावर सर्व्हरमधून मागच्या हंगामाची खाती वाचायला घेतली की बाकी सगळं थांबतं. पाच सेकंद खिडकीने निरोप उचलले नाहीत की विंडोज तिला ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ ठरवतं. यावर आधी कुणीतरी जागोजागी ‘डू-इव्हेंट्स’ (काम मधेच थांबवून साचलेले निरोप उरकायची आज्ञा) पेरून ठेवलं होतं. खिडकी हलायला लागली खरी, पण काम अर्धवट असतानाच पुढचा क्लिकही आत येऊ लागला. एकच पट्टी दोनदा जतन होते ही तक्रार तिथून आली होती, आणि सगळे बिचाऱ्या ऑपरेटरच्या हाताला दोष देत होते. तुम्ही त्याला समोर बसवून, सावकाश, हा दोष त्याचा कसा नाही ते दाखवलंत. त्याचा चेहरा मी पाहिला आहे. त्याच्या वतीनेही आभार.

वाचनाचं काम वेगळ्या धाग्यावर नेलं तर तिथून थेट खिडकीतल्या चौकटीत आकडा लिहिता येत नाही, ‘क्रॉस-थ्रेड’ची एरर येते, ‘इन्व्होक’ने खिडकीच्या धाग्याकडे निरोप पाठवावा लागतो. सी शार्प या भाषेत २०१२ पासून, खिडकी न अडवता कामाची वाट पाहू देणारे ‘असिंक’ आणि ‘अवेट’ असल्याने हे बरंच सोपं झालं आहे. पण त्यातला फासही तुम्हीच दाखवलात: ‘अवेट’ऐवजी घाईत ‘डॉट रिझल्ट’ लिहिलं तर खिडकी कामाची वाट पाहत बसते, आणि कामाला आपला उरलेला भाग पुरा करायला खिडकीचाच धागा हवा असतो. दोघंही थांबतात, कायमचे. एररही येत नाही. म्हणून नियम असा घालून दिलात की वरपासून खालपर्यंत ‘अवेट’च, आणि काम सुरू होताच जतनचं बटण बंद.

नावांबद्दल मात्र मला थोडं सविस्तर लिहू द्या, कारण ते आपल्या भाषेचं दुखणं आहे आणि इंग्रजी पुस्तकांत त्याची फारशी वास्तपुस्त नसते. तुम्ही बिघडलेल्या पट्ट्या टेबलावर वेगवेगळ्या मांडल्यात. काहींवर अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी: तिथे मजकूर ठीक आहे, फक्त फाँट नाही. काहींवर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्यामागे चलनाचं किंवा येनचं चिन्ह, पुन्हा पुन्हा: तिथेही मजकूर ठीक, यूटीएफ-८ (अक्षरं बाइटांत साठवायची एक पद्धत) मध्ये लिहिलेलं दुसऱ्याच सांकेतिकीत वाचलं गेलं आहे. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे तीन बाइटांचं असतं आणि पहिल्या दोन बाइटांची जोडी ठरलेल्या दोहोंपैकीच एक, म्हणून तो ‘ए’ सारखा उगवतो. तिसऱ्या ढिगात नुसती प्रश्नचिन्हं. तो ढीग हातात घेऊन तुम्ही गप्प झालात. डेटाबेसमध्ये, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरमध्ये, नावाचा रकाना सगळ्या लिप्या सामावणाऱ्या ‘एनव्हारकॅर’ऐवजी साधा ‘व्हारकॅर’ होता. जतन होतानाच अक्षरं गेली होती, आणि गेलेली अक्षरं कुठलाही फाँट परत आणत नाही. रकाना बदलला, डेटाबेसला पाठवायच्या चौकशीत (क्वेरीत) मजकुराआधी ‘एन’ लावला, आणि जुनी नावं कागदी वहीवरून पुन्हा भरायला तुम्ही स्वतः बसलात. शेतकऱ्याचं नाव त्याच्या कागदावर नीट यायलाच हवं, या एका गोष्टीवर तुम्ही अडून राहिलात.

त्यातच गावांची नावं कापली जाण्याचं निघालं. जागा पुरावी म्हणून प्रोग्रॅम ठरावीक ‘अक्षरांनंतर’ कापायचा. ‘मोर्शी’ आपल्याला दोन अक्षरं दिसतात, कॉम्प्युटरला सहा चिन्हं: म, ओकार, र, हलन्त, श, ईकार. चौथ्यावर कापलं तर पाय मोडका र लटकतो, तिसऱ्यावर कापलं तर गावाचा मोर होतो. तुमचा उपाय साधा होता. अक्षरं मोजूच नका, ‘मेजर-टेक्स्ट’ने छापल्यावरची रुंदी मोजा, आणि मावत नसेल तर दुसरी ओळ घ्या. कागदाचा एक इंच शेतकऱ्याच्या गावापेक्षा महाग नाही, असं शेठना तुम्ही सुनावलंत आणि त्यांनी ऐकलं!

बाकीचं भराभर सांगतो. हमालीचा दर बदलला तरी पट्टीवर जुनाच येतो, याचं मूळ दर भरायच्या व्हीबी सिक्स या जुन्या भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये होतं. तो ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये लिहायला जायचा, आणि व्हिस्टापासून विंडोज अशा जुन्या प्रोग्रॅमचं लिखाण गुपचूप त्या वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअल स्टोअर’ या वेगळ्या फोल्डरमध्ये वळवतं. त्याला स्वतःचा नवा दर दिसायचा, आपला नवा प्रोग्रॅम मूळ फाइल वाचायचा. नुसता कोड वाचून हे जन्मात कळलं नसतं; कोणता प्रोग्रॅम कोणती फाइल उघडतो ते दाखवणाऱ्या प्रोसेस मॉनिटरमध्ये फाइलचा खरा पत्ता दिसला. नव्या कॉम्प्युटरवर अ‍ॅक्सेसच्या डेटाबेसची फाइल उघडेना, कारण ६४ बिटच्या प्रोग्रॅमला ३२ बिटचा प्रोव्हायडर, म्हणजे ती फाइल वाचून देणारा दुवा, चालत नाही. तारखा १३ पासून एरर द्यायच्या आणि १२ पर्यंत मुकाट चुकायच्या, कारण एका मशीनची मांडणी अमेरिकी होती, आधी महिना मग दिवस. आणि पैशांसाठी ‘डबल’ हा आकड्यांचा प्रकार काढून ‘डेसिमल’ घातलं, कारण ‘डबल’मध्ये ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३ शी जुळत नाही आणि हमाली-तोलाईच्या बेरजेत पैसे इकडेतिकडे होतात.

या प्रत्येक ठिकाणी मी काही अंदाज सांगितला की तुमचा एकच प्रश्न यायचा, “कशावरून म्हणतो?” आवाज कधी चढला नाही. उत्तर नसलं तर आपण दोघं मिळून ते पाहायला जायचो. मला नोकरीत घाईने उत्तरं देणारे पुष्कळ भेटले. माझ्याबरोबर बसून पाहणाऱ्या तुम्हीच. तुम्ही दुरुस्त्या करून दिल्या असत्यात तर एक प्रोग्रॅम चालला असता. तुम्ही मला समोर बसवलंत, म्हणून आज इतवारीतल्या किराण्याच्या ठोक दुकानाचा आणि एका दालमिलचा प्रोग्रॅमही मी न घाबरता उघडतो.

शेठनी तुमच्यासाठी पाकीट दिलं होतं, ते तुम्ही ऑपरेटरच्या मुलीच्या शाळेच्या वह्यांसाठी वळतं केलंत. हे लिहू नको म्हणाल, पण लिहिलं.

आता कामाचं. दुकानात नवा मोठा पडदा आला आहे, सगळं १२५ टक्के आकारात दाखवायला लावलेला, आणि दोन खिडक्यांतली खालची बटणं कापली जातात. माझ्या मशीनवर तोच टक्का लावून दुखणं उभं केलं आहे. दोन्ही खिडक्यांत ‘ऑटो-स्केल-मोड’ (खिडकीने आपोआप आकार जुळवून घ्यायची सोय) ‘नन’, म्हणजे बंद, आहे, बाकीच्या ठीक खिडक्यांत ‘फाँट’ आहे, एवढं कशावरून ते सांगू शकतो. मॅनिफेस्टला (विंडोजला प्रोग्रॅमची माहिती देणाऱ्या फाइलला) हात लावायचा की नुसता मोड बदलायचा, यावर तुमचं मत हवं आहे. माझ्याकडे शिकायला येणारी दोन पोरं आहेत, त्यांनाही तुम्हाला भेटायचं आहे. रविवारी सकाळी घरी असाल तर तिघं येतो. लॅपटॉप आणतो, आणि तुमच्या आवडीचे तर्री पोहेही.

तुमचा,
कळमन्याचा पट्टीवाला