रत्नागिरीच्या घड्याळजी काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

गेल्या आषाढात वडिलांचे बंद पडलेले घड्याळ घेऊन मी आपल्या दुकानात आलो आणि पाऊस थांबेना म्हणून तासभर बसून राहिलो. त्या तासाने माझे अडलेले संशोधन मार्गी लागले. तेव्हा ते नीट सांगता आले नाही, म्हणून हे पत्र.

उपग्रहाची दिशा सांभाळणारी छोटी रॉकेट इंजिने निर्वातात पेटली की अडवायला हवा नसल्यामुळे त्यांचा झोत चहूकडे फाकतो, आणि नोझलच्या, म्हणजे झोत बाहेर पडण्याच्या तोंडाच्या, भिंतीलगतचा मंद वायू तर काठावरून वळून उपग्रहाकडेच येतो. त्यातून येणारा न जळलेल्या इंधनाचा अंश भिंगांवर आणि सौरपट्ट्यांवर बसतो. खाऱ्या वाऱ्याने काचेवर धरलेला थर आपण रोज पुसता. तिथे पुसायला कोणी नाही.

हा थर आम्ही थंड ठेवलेल्या क्वार्ट्झच्या स्फटिकावर मोजतो. १५ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला दीड कोटी वेळा कंप पावणाऱ्या, स्फटिकावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ नॅनोग्रॅम वस्तुमान साचले की त्याची कंपने सेकंदाला एकाने घटतात. जर्मन शास्त्रज्ञ झाउअरब्रे यांनी १९५९ साली मांडलेल्या सूत्रातून हा हिशेब निघतो. शेजारी झाकलेला दुसरा स्फटिक असतो, त्यामुळे दोघांतला फरक वाचला की तापमानाचा परिणाम आपोआप वगळला जातो, असे मी धरून चाललो होतो. इंजिन पेटले की या फरकाचा आकडा उसळी घेई आणि मग हळूहळू उतरे. तो उतार म्हणजे थर उडून जाणे, असे मी वहीत लिहीत गेलो.

आपण घड्याळ उघडून टेबलावरच्या दिव्याखाली धरलेत, तपासणीयंत्रावर सरकणारा आकडा दाखवलात आणि म्हणालात, "तापलेलं घड्याळ मी कधी जुळवत नाही. आधी नुसता दिवा काय करतो ते बघून ठेव हो."

परतल्यावर मी इंजिन न पेटवता निर्वात कक्षात स्फटिकासमोर फक्त दिवा लावला. उघडा स्फटिक आधी तापतो, झाकलेला मागाहून; तेवढी काही मिनिटे थर नसतानाही फरक दिसतो. तो वजा केला, तेव्हा माझ्या उडून गेलेल्या थराचा बराचसा भाग मुळात बसलाच नव्हता, असे निघाले. उरलेला थर खरा आहे, आणि स्फटिक सावकाश तापवून तो कोणत्या तापमानाला सुटतो हे पाहण्याचे काम आता चालू आहे.

प्रबंधाच्या ऋणनिर्देशातील 'घड्याळजी' या शब्दापाशी मार्गदर्शकांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले होते. शब्द तसाच ठेवला आहे. दुरुस्तीचे पैसे आपण तेव्हा घेतले नाहीत. गणपतीला येईन, तेव्हा ते घ्यावेच लागतील.

आपला कृतज्ञ,
पावसात अडकलेला विद्यार्थी