बत्तीसाब फक्त दिवे बदलत नाही
महोदय,
गोदाकाठी वाढलेला मी गेली अकरा वर्षं जहाजांवर इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर आहे. जहाजावर मला 'बत्तीसाब' म्हणतात, म्हणून नातेवाइकांना वाटतं, मी दिवे बदलतो. (तेही करतो म्हणा!) खरं काम जनरेटर, अलार्म आणि मुख्य इंजिनाच्या रिमोट कंट्रोलचं. घरी 50 हर्ट्झ, तिथे बहुधा 440 व्होल्ट, 60 हर्ट्झ. जहाजावर न्यूट्रल (वीजपुरवठ्याची तटस्थ तार) अर्थिंगला, म्हणजे जहाजाच्या लोखंडी सांगाड्याला, जोडलेला नसतो. त्यामुळे एका ठिकाणी अर्थ फॉल्ट झाला, म्हणजे वीज सांगाड्यात झिरपली, तरी यंत्रं थांबत नाहीत, नुसता अलार्म वाजतो. मग एकेक फीडर (वीज पुरवणारी शाखा) बंद करत दोष हुडकायचा. भर समुद्रात कोणाला बोलावणार?

खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या (एसटीसीडब्ल्यू) 2010 च्या मनिला दुरुस्त्यांनी या पदाला स्वतंत्र दर्जा दिला. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत राबणाऱ्या आपल्या इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स पदवीधरांना हे कळतं ते बहुधा एजंटाकडून. माझ्याकडूनही एकाने लाखभर उकळले होते. जहाजावर नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेणं नियमबाह्य आहे आणि एजन्सीचा परवाना नौवहन महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. आपल्या करिअर पुरवणीत एवढं तरी छापावं.

— एक वाचक, सिडको, नाशिक