तळटीपा गाळू नका, जागेवर लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तके स्कॅन करण्याबद्दलचा कालच्या अंकातला लेख वाचला. या विषयाला जागा दिलीत, याबद्दल मनापासून आभार. पण त्यातला एक सल्ला वाचून संताप आला. तळटीपांमुळे ऐकताना अडथळा येतो, म्हणून स्वयंसेवकांनी त्या काढून टाकल्या तरी चालेल, असे लेखात म्हटले आहे. नाही चालणार. डोळस वाचक टीप न वाचता पुढे जातो, तो स्वतःच्या मर्जीने. फाइलमधून टीप काढली की ही मर्जी दुसऱ्यानेच चालवलेली असते, आणि वाचकाला त्याची खबरही नसते.

अडथळा येतो हे खरे. पण ओसीआरने (स्कॅनच्या चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर करणाऱ्या प्रणालीने) टीप जिथे टाकली तिथेच ती पडू दिली, म्हणून येतो. छापील पानावर मजकूर संपल्यावर एक आडवी रेघ असते आणि तिच्याखाली बारीक टाइप. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये रेघही जाते आणि टाइपचा फरकही. पान संपताना वाक्य पुष्कळदा अर्धे असते. मग ऐकणाऱ्याच्या कानावर येते ते असे: अर्धे वाक्य, टीप, पानाचा आकडा, पुढच्या पानाच्या माथ्यावरचे प्रकरणाचे नाव आणि त्यानंतर उरलेले अर्धे वाक्य. सगळे एकाच आवाजात, एका दमात. यात दोष दुरुस्त न केलेल्या फाइलचा आहे.

टीप काढल्याने काय होते याचा एक नमुना देते. जुन्या पत्रांच्या एका संग्रहाची फाइल नुकतीच तपासायला आली होती. छापील पानावर ‘१२ तोफा’ असे होते आणि १२ च्या डोक्यावर टीपेचा बारीक ३. ओसीआरने तो ३ खाली ओळीत आणला. फाइलमध्ये झाले ‘१२३ तोफा’. पानाच्या तळाची तिसरी टीप अशी होती की मूळ कागद इथे फाटलेला आहे, आकडा दुसऱ्या नकलेवरून घेतला आहे. ती टीप ‘अडथळा’ म्हणून काढलेली! म्हणजे वाचकाला आकडा चुकीचा मिळाला आणि त्या आकड्याबद्दल शंका घ्यायला संपादकाने जे एकमेव कारण दिले होते, तेही काढून घेतले गेले. शुद्धलेखन तपासणीत हे सापडत नाही, कारण १२३ हा आकडा शुद्धच आहे. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली, ‘एकशे तेवीस’ असे स्वच्छ वाचतो. ‘१८१८’ ला ३ चिकटून ‘१८१८३’ झाले तर वाचक निदान थबकतो. ‘१२३’वर कोण थबकेल? ब्रेलमध्ये तर वर चढवलेला बारीक आकडा असा प्रकारच नाही. सहा ठिपक्यांचे घर सगळीकडे एकाच मापाचे. पुढे अंक आहेत हे सांगणारे अंकचिन्ह लागले की पुढचे १, २, ३ सारख्याच उंचीचे येतात.

आकडा शब्दाला चिकटला तरी घोटाळा होतोच. देवनागरीत अक्षराच्या डोक्यावर आधीच मात्रा, रफार, अनुस्वार यांची गर्दी असते. तिथला बारीक १ कधी अवतरणचिन्ह होतो, कधी अनुस्वार. टीपेसाठी आकड्याऐवजी येणाऱ्या फुली (*) आणि कट्यार (†) या खुणांची गत याहून वाईट. कट्यारीचे अधिकचिन्ह होते, आणि स्क्रीन रीडरमध्ये चिन्हवाचन बंद ठेवले असेल तर फुली बोललीच जात नाही. टीपेच्या सुरुवातीलाही सांभाळावे लागते. ‘२ बखरीतील नोंद’ यातली मोकळी जागा ओसीआरने खाल्ली की ब्रेलमध्ये अंकचिन्ह, २ आणि लगेच ब असे येते. भारतीय भाषांसाठीच्या भारती ब्रेलमध्ये ब म्हणजे १-२ हे ठिपके, आणि अंकचिन्हानंतर तेच ठिपके २ या अंकाचे. बोटाला ‘२२खरीतील’ लागते. हे एका मोकळ्या जागेमुळे होते.

काम सुरू होते स्कॅनरपाशी. मुख्य मजकुराला ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) पुरते. तळटीपा ८-९ पॉइंटात असतील तर ४०० ठेवा, कागद पिवळा आणि छपाई पुसट असेल तर ६००. वेळ जास्त लागतो, पण नंतर हाताने दुरुस्त करण्यात जातो त्यापेक्षा कमीच. पुस्तकाच्या शिवणीजवळ पान वाकते आणि सावली पडते. टीपांच्या ओळींची त्या बाजूची टोके तिथेच जातात, म्हणून पुस्तक काचेवर नीट दाबून धरा.

मग खुणा. डोक्यावरचा प्रत्येक आकडा काढून त्या जागी कंसातली खूण घाला आणि टीपेच्या सुरुवातीला हुबेहूब तीच खूण द्या, म्हणजे एकीवरून दुसरीकडे शोध घेऊन जाता येते आणि परतही येता येते. कंस बंद करायला विसरू नका. नाहीतर ‘टीप ४’ शोधणाऱ्याला ४० ते ४९ पर्यंतच्या सगळ्या टीपा सापडत बसतात. अनेक पुस्तकांत आकडे दर पानावर १ पासून सुरू होतात. पाने विरघळली की फाइलमध्ये दोनशे वेळा ‘टीप १’ येते. सलग नवे आकडे द्यावेत असे काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही, कारण दुसऱ्या ग्रंथात ‘पृ. ११२, टीप ३’ असा हवाला असेल तर तो शोधायचा कसा? म्हणून पानाचा आकडा आणि टीपेचा आकडा दोन्ही ठेवा: [टीप ११२-३]. खूण एकमेव राहते आणि हवालाही जुळतो.

टीप ठेवायची कुठे? ज्या परिच्छेदात खूण आहे तो संपल्यावर लगेच. परिच्छेद पुढच्या पानावर गेला असेल तर टीपेनेही तिथवर थांबायचे. टीपच दोन पानांवर फुटली असेल तर आधी तिचे तुकडे जोडून घ्या. शेवटी ‘टीप समाप्त’ हे दोन शब्द हवेतच. टीप दोन-तीन परिच्छेदांची असली तर ऐकणाऱ्याला मूळ मजकूर पुन्हा कधी सुरू झाला हे दुसऱ्या कशावरूनही कळत नाही. पानभर लांबीच्या टीपा मात्र प्रकरणाच्या शेवटी न्याव्यात.

ब्रेल प्रतीचा हिशेब वेगळा. [टीप ११२-३] ही खूण बारा-पंधरा घरे घेते. ४० घरांच्या ओळीत ते खपते, २० घरांच्या ब्रेल डिस्प्लेवर (ठिपके वर-खाली होऊन ओळ बोटाला वाचू देणाऱ्या यंत्रावर) अर्ध्याहून जास्त ओळ खुणेतच जाते. म्हणून ब्रेलसाठी प्रत काढताना ‘टीप’ हा शब्द सगळ्या कंसांतून एकदम गाळून फक्त [११२-३] ठेवावे. पुस्तकाच्या शेवटी दिलेल्या टीपांचेही बघावे लागते. छापील एक पुस्तक ब्रेलमध्ये अनेक खंडांचे होते. सगळ्या टीपा शेवटच्या खंडात गेल्या तर पहिला खंड वाचणाऱ्याला दुसरे जाडजूड बाड शेजारी उघडून बसावे लागेल. त्या त्या खंडाच्या टीपा त्याच खंडाच्या शेवटी लावाव्यात.

फाइल वर्डमध्ये असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ दाबून खरी तळटीप घालता येते. मग ती तळटीप आहे हे स्क्रीन रीडरला कळते आणि सांगताही येते. डेझी या बोलक्या पुस्तकांच्या स्वरूपात टीपांना ‘टीप’ म्हणूनच नोंदवले की वाचनयंत्रावर त्या बंद किंवा चालू करायची सोय वाचकाच्या हाती येते. ईपब या ई-पुस्तकांच्या स्वरूपातही टीप आणि तिची खूण वेगळी ओळखू येईल अशी नोंद करता येते. लेखकाला ज्या अडथळ्याची काळजी वाटते, त्यावरचा उपाय हा आहे आणि तो अनेक वर्षे उपलब्ध आहे.

शेवटी मोजणी. छापील पानावर जितक्या खुणा, तितक्या फाइलमध्ये खुणा आणि तितक्याच टीपा. एक जरी कमी भरली तरी मूळ पान पुन्हा बघायचे. अक्षराला किंवा अंकाला चिकटलेले आकडे वेगळे शोधून काढायचे. शोध फक्त ठिकाण दाखवतो. १२३ मधला ३ तोफेचा की टीपेचा, हे पान बघणाऱ्या माणसालाच ठरवावे लागते.

जाता जाता आणखी एक तक्रार. कालचा लेख ई-पेपरमध्ये नुसते चित्र म्हणून आला आहे. स्क्रीन रीडर त्यातले एक अक्षरही वाचत नाही, आणि संकेतस्थळावर तो मजकूर म्हणून वेगळा दिलेला नाही. ज्यांच्याबद्दल लेख आहे, त्यांना तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला. कृपया तो मजकूर स्वरूपात द्यावा, आणि देताना शेवटच्या परिच्छेदातली फुली आणि तिच्याखालची टीप गाळू नये.

आपली,
ब्रेल मुद्रितशोधनाचे काम करणारी एक वाचक