आधी घराचा हिशोब, मग मांडवाचा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

तुळशीचं लग्न लागलं की नागपुरातल्या लॉनवर रोषणाई सुरू होते आणि माझ्याकडे ब्लाऊजच्या कापडांचे गठ्ठे येऊ लागतात. मी मानेवाडा भागात घरीच शिवणकाम करते. इतवारी-गांधीबागेत बस्ता फाटला की आया, मावश्या, आत्या पिशव्या घेऊन माझ्याकडे येतात. माप देता देता बाया मनातलं बोलून जातात. कुणी भिशी आधीच उचललेली असते, कुणी बचत गटातून कर्ज काढलेलं असतं, कुणी गावाकडचं वावर गहाण टाकलेलं असतं. पुढच्या वर्षी त्याच घरची लेक माहेरपणाला येते तेव्हा कळतं की लग्नाचे हप्ते अजून सुरू आहेत आणि तिच्या भाड्याच्या खोलीत साधा कुलर नाही. नागपूरचा मे महिना, वर पत्रे आणि आत नवी नवरी. हे मी पाहिलं आहे आणि मला ते सहन होत नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

येत्या माघात माझ्या मुलीचं लग्न आहे. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मुलगा बुटीबोरीला कारखान्यात फिटर आहे. माझे यजमान ऑटो चालवतात, मुलाचे वडील एसटीतून निवृत्त झाले आहेत. दोन्ही घरी खाऊन-पिऊन बरं चाललं आहे, पण पैसा मोजूनच येतो. साक्षगंधाच्या आधी बोलणी करायला दोन्हीकडचे आमच्या घरी बसले, तेव्हा माझ्या मुलीने एक शंभर पानी वही आणली आणि म्हणाली, "आई, काकाजी, आधी घराचं पान लिहू. त्यातून उरेल त्यात लग्न."

थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. आपल्याकडे उलटं असतं. लॉन ठरतो, जेवणाचं ताट ठरतं, डेकोरेशनवाल्याला इसार जातो आणि पोरांनी राहायचं कुठे, निजायचं कशावर, हे लग्नाच्या आदल्या आठवड्यात आठवतं. पण मुलाची आई पुढे सरकून बसली आणि म्हणाली, "लिही बेटा." मला त्या बाईचा फार आदर वाटला.

दोन्ही घरांनी दीड-दीड लाख टाकायचे ठरले. म्हणजे तीन लाख, एक पैसा कर्ज नाही. घराच्या पानावर एक लाख चाळीस हजार लिहिले: हुडकेश्वरला दोन खोल्यांचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं, पलंग-गादी, कपाट, फ्रिज, कुलर, इतवारीतून भांडी. आणि त्यातलेच बेचाळीस हजार पोस्टात, हात न लावण्यासाठी. ही शेवटची रक्कम मुलाने सुचवली. कारखान्यात कधी ओव्हरटाइम असतो, कधी नसतो, ते त्याला माहीत आहे. उरलेल्या एक लाख साठ हजारांत लग्न.

मुलाच्या काकांना ते पटलं नाही. "एकुलता एक पोरगा आहे जी आमचा. वरातीले धुमाल तर पाहिजेच ना. लोक काय म्हणतीन?" त्यांचं मन मी समजू शकते, पुतण्यावर त्यांचा जीव आहे. पण धुमाल म्हणजे वरातीपुढे दणदणीत वाजणारा बँड, आणि माघात बारावीची परीक्षा तोंडावर असते. आमच्या गल्लीत तीन लेकरं अभ्यासाला बसतात. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद हा नियम तर २००० सालापासून आहे, तरी दहाच्या आधीही त्या आवाजाने घरांची तावदानं थरथरतात. मुलाच्या वडिलांनी काकांना शांतपणे सांगितलं की धुमालचे पैसे म्हणजे पोरांचा फ्रिज आहे. काकांनी मग स्वतःहून नवरदेवाच्या माणसांसाठी गाडी करण्याचं काम अंगावर घेतलं.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट लिहायची आहे. हुंडा देणं-घेणं १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्यामुळे आता कुणी तोंडाने हुंडा मागत नाही. "आम्हाला काही नको, फक्त लग्न चांगलं करून द्या," असं म्हणतात. त्या 'चांगलं' या शब्दात लॉन येतो, पाचशे ताटं येतात, नवरदेवाचा सूट, सगळ्या मानकऱ्यांचे कपडे आणि संध्याकाळचा डीजे येतो. हा सगळा खर्च मुलीच्या बापाने करायचा आणि वर हुंडा घेतला नाही याचं कौतुकही ऐकायचं. माझ्या मते हा हुंडाच आहे. म्हणून खर्च दोन्ही घरांनी निम्मा-निम्मा करायचा आणि माणसंही निम्मी-निम्मी बोलवायची. आमची पंचाहत्तर, त्यांची पंचाहत्तर. कुणाला गाळायचं यावरून आमच्याही घरी डोळ्यांत पाणी आलं. शेवटी ज्यांच्या दुखण्या-खुपण्यात आपण गेलो आणि जे आपल्याकडे आले, ती नावं राहिली. बाकीच्यांना आम्ही फोन करून सांगतो आहोत की लग्न लहान आहे, पोरं नंतर पाया पडायला येतील. एकाही माणसाने अजून वाईट वाटून घेतलेलं नाही.

मुलीचा विचार आधी कोर्ट मॅरेजचा होता. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचं, तीन साक्षीदारांपुढे सह्या करायच्या. पण माझ्या सासूबाईंची इच्छा मंगलाष्टकं ऐकायची होती. म्हणून सकाळी समाजभवनात अक्षता आणि मग लग्नाची रीतसर नोंदणी, असं ठरलं. आमच्या शेजारच्या बौद्ध कुटुंबात गेल्या वर्षी बुद्ध विहारात लग्न झालं. पांढरे कपडे, त्रिशरण-पंचशील, आणि थोड्याच वेळात सोहळा पूर्ण. त्या लग्नात नवरा-नवरीच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मोठमोठ्या लॉनवर मला क्वचित दिसलं आहे. तिथे मुलं तासन्‌तास स्टेजवर उभी राहून दमलेली असतात, दोन घास खायलाही कुणी त्यांना विचारत नाही.

लग्न सकाळचं ठेवल्याने रोषणाई नाही, जनरेटर नाही. माघ निवडला तो उन्हाच्या भीतीने आणि भाजीच्या भावानेही. वैशाखात मोठाले कुलर भाड्याने आणूनही पाहुणे घामाने भिजतात आणि सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी हातात घेववत नाही. माघात कॉटन मार्केटला वांगी, कोबी, वाटाणे, सांबार सगळं भरपूर आणि ताजं असतं. आचारी ओळखीचा आहे. मजुरी त्याची, सामान आपलं. शंभर माणसांना दहा किलो तांदूळ आणि चार किलो तुरीची डाळ असा त्याचा अंदाज आहे, किराणा आम्ही मस्कासाथमधून आणणार. वरण-भात, वांग्याची भाजी, पाटवडी-रस्सा, पुऱ्या, कढी आणि बुंदी. पंगत बसणार, पळसाच्या पत्रावळीवर. पंगतीत वाढणारा विचारून वाढतो, त्यामुळे अन्न टाकलं जात नाही. त्या दिवसांत मृगाचा संत्रा बाजारात आलेला असतो. आइस्क्रीमऐवजी प्रत्येकाच्या हातात एकेक संत्रं द्यायचं ठरलं आहे. नागपूरच्या लग्नाला बाहेरगावचे पाहुणे येणार, त्यांना याहून चांगलं काय द्यावं?

आता माझ्या कामाचं. अलीकडे तीन हजारांच्या साडीवर पाच हजारांचा आरीवर्कचा ब्लाऊज शिवून घेतात. तो एकदा अंगावर चढतो आणि मग कपाटात राहतो. वर्ष-दोन वर्षांनी अंगाला बसत नाही आणि भरतकामामुळे उसवून सैलही करता येत नाही. आयांनो, माझं ऐका. शालूतून निघतो तोच ब्लाऊजपीस वापरा, काठ बाहीला घ्या, आतून दोन्ही बाजूंना दीड-दोन इंच माया सोडायला सांगा. बाळंतपणानंतरही तो ब्लाऊज उसवून घालता येतो. शालू असा घ्या की पुढे दिवाळीला, नणंदेच्या लग्नाला, मंगळागौरीला नेसता येईल. माझ्या मुलीने गांधीबागेतून गडद हिरवी, लाल काठाची साडी घेतली आहे. पिको-फॉल मी केला, ब्लाऊज मी शिवते आहे. रात्री सगळी कामं आवरली की मशीनवर बसते, आणि मुलीच्या लग्नाचा ब्लाऊज स्वतःच्या हातांनी शिवताना जे वाटतं ते कुठल्याही दुकानातून विकत आणता आलं नसतं.

सोन्याचंही थोडं सांगते. सासूबाईंनी त्यांची जुनी एकदाणी, म्हणजे सोन्याच्या मण्यांची माळ, नातीसाठी काढून दिली. ती मोडून थोडी भर घालून मंगळसूत्र होत आहे. नव्या दागिन्यावर तीन टक्के जीएसटी आहेच, शिवाय घडणावळ जाते आणि मोडताना ती परत मिळत नाही. त्यामुळे जड, नक्षीदार दागिना घ्यायचा आणि अडचणीत मोडायचा, हा तोट्याचा व्यवहार आहे. घ्याल ते हॉलमार्कचं घ्या आणि त्यावरचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक मोबाइलवरच्या 'बीआयएस केअर' ॲपवर ताडून पाहा.

रुखवतात आम्ही शोभेच्या बाहुल्या ठेवणार नाही. सांडग्या मिरच्या, मूगवड्या, कुरडया, वर्षभराचा काळा मसाला, लोणच्याच्या बरण्या आणि माझ्याकडच्या कातरणातून शिवलेल्या दोन गोधड्या. सगळं त्यांच्या स्वयंपाकघरात आणि पलंगावर जाईल.

पोरांनी त्या दोन खोल्या पाहिल्या तेव्हा मी सोबत होते. स्वयंपाकाच्या ओट्याला पूर्वेची खिडकी आहे, वर गच्ची आहे. मुलाने लगेच कुलर कुठल्या खिडकीला बसेल ते मापून घेतलं. मुलगी म्हणाली, गच्चीवर उन्हाळ्यात वाळवण घालता येईल. मुलाला वांग्याचं भरीत उत्तम जमतं. "मावशी, रविवारी स्वयंपाक माझा, तुम्ही सगळे जेवायला या," असं त्याने आताच सांगून ठेवलं आहे. दोघांनी वहीत महिन्याचंही एक पान केलं आहे: भाडं, किराणा, दोन्ही घरच्या आई-वडिलांच्या औषधाला थोडे, पोस्टात पाच वर्षांची आरडी. आणि एक ओळ फिरण्याची. अंबाझरीला चालत चक्कर, सुटीच्या दिवशी अजब बंगला हे वस्तुसंग्रहालय, सकाळी तर्री पोहे. अजब बंगला १८६३ पासून आपल्या शहरात आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या किती तरी नव्या जोड्यांनी तो आतून पाहिलेला नाही, पण प्री-वेडिंग शूटसाठी परगावी जाऊन आलेल्या आहेत. एकमेकांसोबत निवांत बसायला पैसा लागत नाही. मात्र डोक्यावर हप्ता असेल तर निवांतपणा येत नाही, नवरा जादा पाळी करतो, बायको चिडचिडते, आणि भांडण शेवटी लग्नात कुणी किती खर्च केला यावर येऊन थांबतं. माझ्याकडे येऊन रडलेल्या मुलींकडून मी हे ऐकलं आहे.

कर्ज काढून लग्न करू नका, हे गाडगेबाबा खराटा हातात घेऊन आपल्याच विदर्भाच्या गावागावांत सांगत फिरले. १९५६ साली ते गेले. त्यांची तसबीर आपल्या किती तरी घरांत आहे. त्या तसबिरीखाली बसून आपण पाचशे ताटांचा हिशोब करतो, याचं मला मनापासून दुःख होतं.

आपल्या वृत्तपत्राकडे माझी एक विनंती आहे. शहरात वस्त्यावस्त्यांत समाजभवनं आहेत, पण त्यांचं भाडं किती, नोंदणी कुणाकडे करायची, पाणी-वीज-संडासाची सोय कशी आहे, हे सामान्य माणसाला सहज कळत नाही. ओळख असेल त्यालाच तारीख मिळते, अशी लोकांची समजूत झाली आहे. प्रत्येक समाजभवनाच्या दारावर दराचा आणि रिकाम्या तारखांचा फलक लागावा. आपण प्रभागवार यादी छापावी. आणि मोठमोठ्या लग्नांची छायाचित्रं जशी छापून येतात, तसे साध्या लग्नांचे खरे हिशोबही वाचकांकडून मागवून आठवड्यातून एकदा छापावेत, म्हणजे लोकांना आकडे समोर ठेवून घरात बोलता येईल. पहिला हिशोब म्हणून माझ्या मुलीच्या वहीतली दोन्ही पानं झेरॉक्स करून पाठवायला मी तयार आहे, आणि लग्न झाल्यावर प्रत्यक्षात किती खर्च आला ते आकडेही त्यासमोर लिहून देईन.

आपली,
शिवणकाम करणारी एक आई,
मानेवाडा, नागपूर