प्रिंटचा हट्ट सोडा

महोदय,

गेल्या आठवड्यात जमिनीच्या कामासाठी एक-चौदाचा, म्हणजे आपल्याकडच्या जमिनीच्या नोंदीचा, उतारा हवा होता. डिजिटल सहीची प्रत घरबसल्या मोबाइलवर मिळाली, फार बरे वाटले. कार्यालयात मात्र उत्तर आले, ‘प्रिंट आणा, तीन प्रती.’ बाहेर झेरॉक्सच्या दुकानात माझ्यापुढे सातजण, बहुतेक सगळे याच कामाला!

इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजाला आणि डिजिटल सहीला माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० सालीच मान्यता दिली आहे. उलट, कागदावर छापली की ती सही संगणकावर तपासता येत नाही, नुसते चित्र उरते. म्हणजे आपण अस्सल प्रत बाजूला ठेवून नक्कल जपतो.

मी स्वतः कारकुनी केली आहे. टाइपरायटरवर कार्बन घालून चार प्रती काढायच्या तर बोटे दुखायची, म्हणून माणूस आधी मसुदा नीट वाचायचा. लहानशी चूक पांढऱ्या शाईने झाकून पान चालवून घेत. आता एका काना-मात्रेसाठी अख्खे पान पुन्हा छापतात, तेही एकाच बाजूने. शेवटच्या पानावर तर कधी एकच ओळ असते. कागद संगणकाने वाढवला नाही, छापणे सोपे झाले आणि आपण हात आवरला नाही. त्यात आपल्या गोव्याचा पावसाळा! जूनपासून फायलींचे गठ्ठे दमट होतात, बुरशी धरतात.

निदान काउंटरवर स्क्रीनवरची प्रत तपासून घ्यावी आणि प्रिंटर दोन्ही बाजूंनी छापतील असे लावून ठेवावेत, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त कारकून, फोंडा