तुझी बिनटोकाची सुरी

पुणे, कर्वेनगर
मंगळवार, रात्रीचे अकरा

प्रिय अन्या,

चार महिने पत्र नाही म्हणून शिव्या घालायच्या असतील तर आत्ताच घालून घे. माझी साखर आटोक्यात, गुडघा तसाच, मंजू मजेत. संपली ख्यालीखुशाली. हे फोनवर बोलता येत नाही, कारण घरात सगळ्यांना मी एक सांगितलंय आणि तुला दुसरं सांगायचंय.

भाऊबीजेला ताईकडे चौलला गेलो. कयाक टपावर बांधताना मंजू म्हणालीच, "ओवाळून घ्यायला निघालायत की मासे मारायला?" ताम्हिणी, कोलाड, रोहा, साळाव, नेहमीचाच रस्ता. ताईला म्हटलं, ओवाळायचं चारला, तोवर खाडीत एक चक्कर मारून येतो. द्वितीया, म्हणजे तिथीच्या पाऊणपटीने दीड वाजता भरती. अमावास्या नुकतीच सरलेली, म्हणजे उधाण. हे गणित मला तू शिकवलंस, तेव्हा पुढच्या सगळ्यात अर्धा दोष तुझा.

पुलाच्या वरच्या अंगाला नांगर टाकून बसलो. दोन वाजेपर्यंत एकच शिंगाळा, तोही बोटात काटा मारून गेला. (अजून ठणकतंय. घरी 'गाडीच्या दारात सापडलं' असं सांगितलंय. या पत्रात खोटं किती निघतं ते मोजत राहा.) सव्वादोनला पाणी उतरायला लागलं. खांबाजवळून खोट्या माशाचं ल्यूर ओढत होतो, ते थांबलं. मला वाटलं खांबाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांत अडकलं. मग ते अडकलेलं चालायला लागलं.

जिताडा, अन्या. एकदाच वर आला, डोकं झटकलं आणि कल्ल्यांचा तो खडखडाट झाला. माझ्या मांडीएवढा. हात पसरून दाखवत नाहीये, लिहून देतोय, तेव्हा विश्वास ठेव. एवढा मोठा म्हणजे तो नसून ती असणार. लहानपणी सगळे नर, थोराड झाले की मादी. पद्याला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो दोन दिवस गप्प होता, आठवतं?

खांबाला लाइन घासू नये म्हणून नांगराचा दोर फ्लोटसकट सोडला आणि तिच्यामागे पुलाखालून निघालो. पहिली दहा मिनिटं काय सुख होतं! वल्हं मांडीवर, रॉड वाकलेली, रीलचा ड्रॅग कुरकुरतोय आणि कयाक आपोआप पळतेय. एवढी ताकद माशात नसते हे कळायला मला वेळ लागला. मासा ओढत नव्हता, ओहोटी ओढत होती. मासा फक्त दिशा दाखवत होता.

समोर कोर्लईचा डोंगर मोठा होत चालला. पाणी बाहेर चाललेलं आणि दुपारचा वारा आत येणारा, त्यामुळे खाडीच्या तोंडावर लाटा उभ्या राहिलेल्या, आडवी पांढरी रेघ. वल्हं मारावं तर त्याला दोन हात लागतात. रॉडलाही दोन. माझ्याकडे एकूण दोन. रॉड मांडीत दाबून एक-दोन वल्ही मारली, तशी तिने आडवी धाव घेतली आणि कयाक प्रवाहाला आडवी झाली. डावीकडून पाणी मांडीवर आलं.

लाइफ जॅकेटवर तुझी सुरी होती. तीच, नारिंगी मुठीची, बिनटोकाची. ती कुरिअरने आली तेव्हा मी सगळ्यांना दाखवून हसलो होतो, "हिने कांदा तरी चिरेल का?" कांद्याचं माहीत नाही. लाइन एका झटक्यात कापली. टण्ण आवाज झाला आणि रॉड सरळ झाली.

वल्हवत रेवदंड्याच्या काठाला लागेपर्यंत पाच वाजले. वाटेत एक म्हातारा होडीतून जाळं गोळा करत होता. त्याने विचारलं, "सोडलास काय?" मी म्हटलं, "तुटली." परका माणूस रे! त्याच्याशी खोटं बोलायची काय गरज होती? पण तोंडातून तेच गेलं. ताईच्या घरी निरांजनात वात जळून काळी झालेली, ताई दारात. तिलाही तेच. ग्रुपवरही तेच, वर तीन रडके चेहरे.

आता दाभोळचं. 2011. तू लाइन कापलीस आणि मी धक्क्यावर आठ जणांदेखत तुला भागूबाई म्हटलं. मग वर्षभर मी फोन केला नाही. तू केलास, मी उचलला नाही. तुझ्या बाजूने मी कधी विचारच केला नव्हता, आणि आता त्या दुपारपासून दुसरं काही करत नाहीये. तू निदान मासा होडीपाशी येईपर्यंत थांबला होतास. लीडर, गळाजवळचा तो शेवटचा तुकडा, हातात घेऊन कापलास, गेला तो फक्त गळ घेऊन. मी रॉडच्या टोकाशी कापली. तिच्या तोंडात गळ आणि मागे चाळीसेक मीटर ब्रेड, ती विणलेली लाइन. ते काही कुजत नाही. खारफुटीच्या मुळांत, खांबांच्या कालवांत कुठेतरी गुंडाळलं जाणार आणि ती तिथेच. रात्री दोनला जाग येते ती ह्याने. थोडं थांबून, थोडी गुंडाळून घेऊन कापता आली असती का? की मी घाबरून मिळेल तिथे सुरी चालवली? तू त्या जागी बसलेला माणूस आहेस, तूच सांग.

आणि आता पद्या. पद्याला राग आलाय, माझ्या वतीने. तीन हजाराची लाइन उधाणात टिकत नाही म्हणजे काय, म्हणून तो दुकानदाराशी भांडायला निघालाय. रविवारी रील न्यायला येतोय, 'तुटलेलं टोक दाखवू त्याला.' तुटलेल्या ब्रेडचं टोक कसं असतं तुला माहितीये, कापसासारखं पिंजलेलं. माझं टोक न्हाव्याने कातरल्यासारखं सरळ. काल रात्री बाल्कनीत बसून ते फरशीवर घासलं. अर्धा तास, या वयात. मंजूने आतून विचारलं, "काय करताय?" म्हटलं, नखं. तरी ते घासलेलंच दिसतं, तुटलेलं नाही.

काकूंच्या मोतीबिंदूचं झालं का? चिरंजीवांना नोकरी लागल्याचं पद्याकडून कळलं. पेढे पोचले असं धरून चालतो. इंदूरला थंडी पडली असेल. वहिनींना नमस्कार.

स्पीड पोस्टाने टाकतोय. रविवारच्या आत फोन कर. मी 'हं, हं' एवढंच म्हणेन, तू बोल.

तुझा,
बाळ्या

ता.क. सुरीला गंज धरलाय. खाऱ्या पाण्यातून आल्यावर धुवायची राहिली. खोबरेल लावू की रॉकेल?